पाणी उतरून राहिलं

नाल्याच्या काठावर सायकल उभी होती आणि सायकलीशेजारी जियालाल उभा होता. दोघांनाही पुढे जाता येत नव्हतं.

सन अडतीसचा ऑगस्ट. गोंदियाहून मुर्रीकडे जायच्या वाटेवरचा हा नाला एरवी घोट्याएवढा. पण दोन दिवस झड लागली होती, आणि आता तो तांबडा होऊन काठाकाठाने फुगून वाहत होता. जियालालच्या सदऱ्याच्या खिशात एक टंकलिखित पत्र होतं. ते आजच्या आज मुर्रीच्या रामलाल पटले यांना द्यायचं होतं.

पलीकडच्या काठावर एक मुलगी आली. पाठीवर पळसपानांचं इरलं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलाने माखलेले, हातात धानाच्या रोपांची जुडी. रोवणीतूनच उठून आली असावी.

"काऊन जी," ती तिकडून ओरडली, "उभे काऊन आहा?"

"पाणी किती आहे?"

तिने नाल्याकडे पाहिलं, काठावरच्या दगडावरची ओली रेघ पाहिली आणि म्हणाली, "पाणी उतरून राहिलं!"

आता इथे जियालालचं थोडं सांगायला हवं. तो मूळचा कुडव्याचा, पोवाराचा मुलगा. पण लहानपणीच माय गेली आणि बाप पलटणीत लागून त्याला पुण्याला घेऊन गेला. शाळा तिकडे, मित्र तिकडे, बोलणंही तिकडचंच. बाप गेल्यावर तो काकांकडे परत आला, त्याला सहाच महिने झाले होते. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. गावात त्याला सगळे 'पुणेकर' म्हणत, आणि त्यांचं अर्धं बोलणं त्याच्या डोक्यावरून जात असे.

तेव्हा 'पाणी उतरून राहिलं' याचा त्याने पुणेरी अर्थ घेतला. पाणी उतरलं, उतरून खाली राहिलं, आता काळजी नाही. त्याने सायकल उचलली आणि नाल्यात पाय घातला.

तिसऱ्या पावलाला पाणी मांडीला लागलं. चौथ्याला कमरेला. पाचवं पाऊल त्याने टाकलंच नाही, नाल्यानेच ते टाकलं. सायकल एकीकडे, टोपी दुसरीकडे, आणि जियालाल मधल्या बाभळीच्या खोडाला मिठी मारून.

"माय वो!" मुलगी धावत पाण्यात उतरली. काठावरची एक लांब काठी तिने पुढे केली. "धरा! धरा जी! अशे कशे उतरले तुमी?"

काठावर येऊन त्याने आधी श्वास घेतला आणि मग रागावला.

"तुम्हीच म्हणालात ना, पाणी उतरलं म्हणून!"

"मी कवा म्हटलं उतरलं? मी म्हटलं, उतरून राहिलं."

"तेच ते!"

"तेच कसं होईन? उतरलं म्हणजे उतरलं. उतरून राहिलं म्हणजे उतरून राहिलं."

जियालालला यातलं काही कळलं नाही. त्याला एवढंच कळलं की ही मुलगी हसू दाबायला ओठ मिटते, पण डोळे मिटायला विसरते.

"आले कोणाकडे?"

"रामलाल पटल्यांकडे. पत्र आहे... होतं." त्याने खिशातून कागदाचा लगदा काढला. शाई वाहून गेली होती. "त्यांच्या मुलीबद्दल. फुलवंता."

मुलीच्या हातातली जुडी खाली पडली. हसू कुठल्या कुठे गेलं.

"मीच फुलवंता," ती म्हणाली. "काय लिवलं होतं त्याच्यात? हो लिवलं होतं का नाही?"

पत्र त्यानेच टंकलेलं होतं, त्यामुळे पाठ होतं. तो ओल्या कपड्यांत ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "हो लिहिलं होतं."

ती खाली बसली, चिखलात पडलेली रोपं एकेक करून गोळा करू लागली... आणि त्याच्या लक्षात आलं की ती रडते आहे, आणि आनंदाने.

---

हे 'हो' एका क्लबाचं होतं. गोंदियात त्याला 'बायांचा किलब' म्हणत. डॉक्टर सुशिलाबाई विलायतेला शिकायला गेल्या होत्या, तिथे त्या या क्लबात गेल्या. देशोदेशी त्याच्या शाखा होत्या. बायकांनी बायकांसाठी आणि मुलींसाठी काम करायचं, एवढाच त्यांचा उद्योग. नियम दोन. सभासद बाई स्वतःच्या कामावर जगणारी हवी, आणि एका कामाची एकच बाई घ्यायची, म्हणजे तऱ्हेतऱ्हेच्या बायका एकत्र येतील. गोंदियात डॉक्टर म्हणून सुशिलाबाई होत्या, मास्तरीण म्हणून शामकलाबाई, आणि मुरमुऱ्यांची भट्टी चालवणारी जमुनाबाई होती. जमुनाबाईला घ्यावं की नाही यावर चर्चा झाली तेव्हा ती दारातच उभी राहून म्हणाली होती, "मले कोणी पोसत नाही, मी पाच जणाले पोसतो. तुमच्यात कोण पोसते पाच जणाले?" त्याच दिवशी तिचं नाव वहीत चढलं. तेव्हापासून सभेत मुरमुरे असत.

क्लबाची पत्रं इंग्रजीत करायला आणि टंकायला सुशिलाबाईंनी जियालालला पकडलं होतं. दर रविवारी तो दवाखान्याच्या ओसरीवर टंकयंत्र घेऊन बसायचा.

त्या वर्षी स्कॉटलंडातल्या एका समुद्रकाठच्या गावच्या भगिनी क्लबाने गोंदियाची एक मुलगी आपल्या खर्चाने नागपूरला सुईणीचं शिक्षण घ्यायला पाठवायचं कबूल केलं होतं. फुलवंताची माय, अनुसयाबाई, बाळंतपणात गेली होती. दोन दिवस अडली होती, आणि जाणतं माणूस पंचक्रोशीत नव्हतं. म्हणून फुलवंताने शामकलाबाईंच्या मागे लागून अर्ज केला होता.

शिक्षण फेब्रुवारीत सुरू होणार होतं. तोवर तिने दवाखान्यात येऊन हाताखाली काम करायचं, आणि दर महिन्याला आपल्या हाताने त्या भगिनींना पत्र लिहायचं. अटी होत्या : तब्येत धडधाकट हवी, आणि शिक्षण संपेपर्यंत लग्न किंवा सोयरीक करायची नाही.

सप्टेंबरात तिने पहिलं पत्र लिहून जियालालच्या पुढे ठेवलं. "वाचा. हसाचं नाही."

"मी कशाला हसू?"

"तुमी पुण्याचे. तुमाले आमचं बोलणं म्हणजे तमाशाच."

"आणि तुम्हाला माझं?"

"तुमचं?" ती विचारात पडल्यासारखी करून म्हणाली, "तुमचं बोलणं म्हणजे पोथी. आयकावं वाटते, पण झोप येते."

तो हसला नाही. मनापासून, अर्थाला धक्का न लावता त्याने ते पत्र इंग्रजीत केलं.

डिसेंबरात उत्तर आलं. सोबत एक गाठोडंही. ओसरीवर सगळ्यांसमोर सुशिलाबाईंनी ते उघडलं. लोकरीचे पायमोजे दोन जोड, एक लोकरी बंडी, आणि पोट शेकायची रबरी पिशवी.

"हे कायले?" जमुनाबाईने पिशवीला बोट लावून पाहिलं. "याच्यात काय भरतेत? मुरमुरे?"

सुशिलाबाई पत्र वाचत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत होता. "त्या लिहितात, फुलवंता पत्र लिहिताना इस्पितळात होती हे कळून वाईट वाटलं. अशी नाजूक तब्येत असेल तर तिच्या जागी दुसरी मुलगी निवडावी का, ते कळवा."

फुलवंता पांढरी पडली. "मी कुठी बिमार होती?"

सुशिलाबाईंनी जियालालकडे पाहिलं. जियालालने तिचं मूळ पत्र काढलं आणि बोट ठेवून वाचलं, "हे पाहा. 'मी दवाखान्यात जाऊन राहिली.' म्हणजे गेली आणि तिथे राहिली. मी तसंच केलं."

मग जमुनाबाई अशी हसली की तिच्या ओच्यातले मुरमुरे सांडले.

"अरे पुणेकरा! भट्टीवर मुरमुरे फुटून राहिले म्हणजे अजून फुटूनच राहिले, तडतड चालू हाये! फुटले म्हणजे मंग झाले. जाऊन राहिली म्हणजे रोज जाते! तुया मायनं नाही शिकवलं काय तुले?"

"माय नव्हती," जियालाल म्हणाला.

जमुनाबाईचं हसू थांबलं. तिने खाली सांडलेले सोडून ताजे मुरमुरे मुठीने त्याच्या पुढे ठेवले. "खा," ती म्हणाली. "आता कळलं ना? झालं मंग."

कळलं होतं. नाल्याचंही आता कळलं होतं. पाणी उतरत होतं. तिने खरंच सांगितलं होतं.

तो उठला, तडक स्टेशनावर गेला आणि विलायतेला तार केली : मुलगी ठणठणीत, चूक भाषांतरकाराची. पुढचे आठ दिवस त्याला जेवण गेलं नाही. आपल्या एका चुकीने हिचं सगळं जाईल... उत्तराची तार आली तेव्हा तो ती घेऊन सायकलीवर मुर्रीला गेला. नाला कोरडा होता. फुलवंता बांधावर उभी होती.

"जागा कायम आहे," तो दमलेल्या आवाजात म्हणाला. "आणि पायमोजे ठेवून घ्यायला सांगितलंय."

ती हसली. मग म्हणाली, "आजपासून मी तुमच्यासारखंच लिहीन. जाते आहे. येते आहे. बघते आहे."

"नको," तो पटकन म्हणून गेला.

"काऊन?"

त्याला सांगता आलं नाही.

हे न सांगता येणं त्याच्या चेहऱ्यावर राहिलं, आणि सुशिलाबाईंनी ते बरोबर वाचलं. फुलवंता नागपूरला निघायच्या आदल्या रविवारी त्या म्हणाल्या, "जियालाल, तिची पत्रं तुमच्या हातून जाणार. तिच्या अटी तुम्हाला माहीत आहेत. शिक्षण संपेपर्यंत तुमचं स्वतःचं एक अक्षर तिच्याकडे जाणार नाही. वचन द्या."

त्याने दिलं. आणि पाळलं.

---

पण फुलवंताने कोणाला काही वचन दिलं नव्हतं.

तिचं दर महिन्याचं पत्र नागपूरहून आधी त्याच्याकडे यायचं. ठरवल्याप्रमाणे ती शुद्ध लिहू लागली होती. नाडी कशी मोजायची, पाणी किती उकळायचं, कापूस कसा ठेवायचा. आणि अगदी शेवटी, एक ओळ सोडून, काहीतरी असायचं.

'आमच्या मेट्रनबाई तुमच्यासारखं बोलतात. पहिल्यांदा मी वर्गात हसले. आता ऐकलं की कुडव्याची वाट आठवते. हे इंग्रजीत करू नका.'

'इथले मुरमुरे मऊ असतात. जमुनाबाईंना सांगा, त्यांना बरं वाटेल. हे इंग्रजीत करू नका.'

'इथे नळाचं पाणी. चढत नाही, उतरत नाही. कोणी वाहूनही जात नाही. करमत नाही. हे इंग्रजीत करू नका.'

तो इंग्रजीत करत नसे. ओळ दहादा वाचायचा, आणि मग तिला पोच लिहायचा : 'पत्र मिळालं. पुढे पाठवलं. क्लब आभारी आहे.' अठरा महिने त्याने हीच तीन वाक्यं लिहिली. तिकडे लढाई सुरू झाली, बोटी उशिरा येऊ लागल्या, तरी त्या भगिनींची पत्रं यायची. त्या आता सैनिकांसाठी पट्ट्या गुंडाळत होत्या, आणि मधेच विचारत होत्या, आमच्या मुलीने आजवर किती बाळं हातावर घेतली?

सन चाळीसच्या जुलैअखेर शेवटचं पत्र आलं. 'शिक्षण पूर्ण झालं. परीक्षेत पहिली आले. इथल्या इस्पितळाने मला कायमची जागा देऊ केली आहे. काय करायचं ते पुढच्या रविवारच्या सभेत येऊन सांगेन.'

मग एक ओळ सोडून : 'मी वाट पाहून राहिली. हे इंग्रजीत करू नका.'

जियालालने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

अठरा महिन्यांत तिने एकदाही 'राहिली' लिहिलं नव्हतं. सगळं शुद्ध, सगळं पुण्याचं. मग हे कोणत्या बोलीतलं? मुर्रीचं असेल, तर ती वाट पाहते आहे, आत्ता, या घटकेला. आणि पुण्याचं असेल, तर वाट पाहिली, पाहून राहिली, संपलं. तीन वाक्यांवर एखादी मुलगी किती दिवस थांबेल?

दर महिन्याप्रमाणे तो पत्र वाचून दाखवायला रामलालजींकडे गेला. त्यांना वाचता येत नव्हतं. ते खाटेवर दोरी वळत बसले होते. त्याने वाचलं, परीक्षेचं, इस्पितळाच्या जागेचं. आणि कागदाची घडी घातली.

"पुरं झालं?" रामलालजींनी विचारलं.

"हो."

"तुमी दर खेपेले अशेच थांबता," ते दोरीवरून नजर न काढता म्हणाले. "कागद नाही संपत. तुमी थांबता."

जियालालच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्याने घडी उघडली आणि ती ओळ वाचली. मग खाली मान घालून आपली अडचणही सांगितली. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"मले व्याकरण नाही समजत," रामलालजी म्हणाले. "हिची माय होती तवा मी शेतातून याचो, जेवाचो, झोपाचो. ती चांगली लागे मले. लय चांगली लागे. मले वाटे, हे काय सांगाची गोष्ट हाये? धान घरी येऊ दे, मंग बोलू. पोट्टी मोठी होऊ दे, मंग बोलू. बोलाचं राहून गेलं." त्यांनी दोरीला एक पीळ दिला, तो उलगडला, पुन्हा दिला. "राहून गेलं, याचा तुमच्या पुण्यात काय अर्थ होते?"

"तोच," जियालाल म्हणाला. "तोच होतो."

"मंग? पढाई सरली ना तिची? तुमचं वचनबी सरलं. रविवारी मी बैलं जुपून खासर घेऊन टेसनावर येतो. तुमी बी या."

---

रविवारी सकाळी गाडी आली. फुलवंता उतरली, पांढऱ्या लुगड्यात, हातात पत्र्याची पेटी. तिने बापाच्या पाया पडून जियालालकडे पाहिलं.

"क्लब आभारी आहे?" तिने विचारलं.

त्याने पुढे होऊन तिच्या हातातली पेटी घेतली. सभा दुपारी होती. त्याआधी घरी जाऊन यायचं म्हणून बैलांचं खासर मुर्रीच्या वाटेला लागलं. खासर हाकायला रामलालजी, मागे पेटी, पेटीच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो. आणि बरोबर दोन वर्षांनी तोच नाला, तसाच तांबडा, तसाच फुगलेला, आडवा आला.

रामलालजींनी बैल थांबवले. "मी जरा खाली जाऊन पाहतो, पाणी किती हाये ते," म्हणून ते उतरले, नाल्यापर्यंत गेले, आणि तिथल्या दगडावर पाठ फिरवून बसले. तंबाखूची चंची काढली. घाईत असलेला माणूस तंबाखू अशी मळत नाही.

बारीक भुरभुर सुरू झाली. फुलवंताने पेटी उघडून आत काहीतरी शोधलं आणि पायात घातलं. विलायतेचे लोकरी पायमोजे.

"ऑगस्टात?" तो म्हणाला.

"बिमार आहे ना मी. दवाखान्यात जाऊन राहिली." ती डोळे मिटायला आजही विसरली. मग एकदम गंभीर झाली. "नागपूरला मी नाही म्हणून आले. इथेच राहणार. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात, आणि गावोगाव. क्लबात सुइणीची जागा रिकामी आहे, ती मी घेणार. आधीच सांगते, हे मी मायसाठी केलं. तुमच्यासाठी नाही."

"बरोबर केलंत."

"एवढंच?"

"नाही..." त्याने खिशातून तिचं पत्र काढलं. या वेळी कोरडं होतं. "हे एक वाक्य मला इंग्रजीत करता आलं नाही. मराठीतही करता आलं नाही. ही कोणती बोली?"

तिने पत्राकडे पाहिलंच नाही. "तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं... वाट पाहिली, आणि झालं. तुम्ही दीड वर्ष पुण्याचं लिहीत होता."

"पुणेकर," ती हळूच म्हणाली, "त्या विलायतेच्या बायांसाठी मी पुण्याचं लिहिलं. मेट्रनबाईसाठी लिहिलं. एक वाक्य फक्त तुमच्यासाठी होतं. ते मी माझं लिहिलं. कारण ती चूक तुमी एकदा केली होती, मले वाटलं दुसऱ्या खेपेले नाही करणार."

पावसाचे थेंब पेटीच्या पत्र्यावर वाजत होते. जियालालने पत्र खिशात ठेवलं. हे वाक्य त्याने आठ दिवस घोकलं होतं, तिच्या बोलीत.

"तुमी... मले आवडून राहिल्या."

ती गालात हसली. "आवडून राहिल्या? म्हणजे आत्ता आवडतात. काल नव्हत्या आवडत?"

"काल बी आवडून राहिल्या होत्या. परवा बी. बाभळीले धरून होतो ना, तवापासून."

"आनी उद्या?"

"उद्याचं तुमी सांगा. लग्न करता काय माझ्याशी?"

तिने पेटीवर ठेवलेल्या त्याच्या हाताशेजारी आपला हात ठेवला, अगदी शेजारी, मध्ये एक थेंब मावेल एवढी जागा सोडून. आणि मग तेवढीही सोडली नाही.

"हाव जी," ती म्हणाली. "पण किलबाची सभा रविवारीच असते. रविवारी सैपाक तुमी कराल."

"करीन. सैपाक करून राहीन."

"अरे बाप्पा! तसं नाही म्हणत, जी! फक्त करीन म्हणा!" आणि ती हसत सुटली.

खालून रामलालजींचा आवाज आला. त्यांनी मागे वळून पाहिलं नव्हतं. "पोरांनो! तुमी उंचावर आहा, पाहा बरं! उतरलं काय पाणी?"

जियालालने नाल्याकडे पाहिलं. भुरभुर केव्हाच थांबली होती. हा नाला चढतो तसाच झपाट्याने उतरतो; पाणी ओसरलं होतं. बाभळीच्या बुंध्याखालचे दगडसुद्धा उघडे पडले होते. एखादं पोरही गुडघा न भिजवता पलीकडे गेलं असतं, आणि रामलालजी त्या पाण्याच्या हाताभर अंतरावर बसले होते.

त्याने फुलवंताकडे पाहिलं. ती मान हलवून 'नाही' म्हणत होती.

"नाही जी, बाबाजी," पुण्याचा जियालाल मुर्रीच्या बोलीत, एकही चूक न करता ओरडला, "अजून उतरून राहिलं!"

"बरं बरं," म्हातारा म्हणाला, आणि त्याने तंबाखूची दुसरी चिमूट मळायला घेतली.